माळावरून वाहून जाणाऱ्या पाण्यावर वैरण: 20 × 20 चं शेततळं पुरेल का?

प्रश्न: कोरडवाहू_अडीच

अडीच हेक्टर कोरडवाहू जमीन. माती मध्यम, सरासरी 45 सेंमी, खाली मुरूम. उतार साधारण 2 टक्के. वरच्या अंगाला 2 हेक्टर चराईचा माळ आहे. जोराचा पाऊस झाला की माळाचं सगळं पाणी शेताच्या एका कोपऱ्यातून बाहेर पडतं आणि तिथे घळ पडत चालली आहे. वर्षाचा पाऊस 450 मिमीच्या आसपास, मध्ये तीन-चार आठवड्यांची उघडीप जवळपास ठरलेली. विहीर किंवा कालवा नाही. गाई चार.

त्या कोपऱ्यात 20 × 20 मीटर, 3 मीटर खोल शेततळं खोदायचं, पावसाळ्यात भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात त्यावर लसूणघास किंवा मका हिरवा ठेवायचा, असा विचार आहे. एवढं पाणी माळावरून खरंच मिळेल का? तळ्यात प्लास्टिकचा कागद टाकावाच लागेल का? तळं गाळाने भरू नये आणि बांध फुटू नये म्हणून काय करायचं? आणि पीक कोणतं धरायचं? कृपया आकड्यांत सांगा.

उत्तर: ओघळ

आकड्यांतच घेऊ. 450 मिमी गुणिले 2 हेक्टर म्हणजे 9,000 घनमीटर, हा गुणाकार करून फसू नका. 10-15 मिमीच्या सरी माळच पिऊन टाकतो, तळ्यात थेंब येत नाही. तळं भरतात ते दोन-चार मोठे पाऊस. त्यासाठी कर्व्ह नंबरची पद्धत वापरा. जमिनीवरून किती पाणी वाहतं ते यात एका नंबरावरून काढतात. चरून उघडा पडलेला, मध्यम मुरणारा माळ असेल तर नंबर साधारण 80 धरा. S म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती मिमी पाणी धरेल ते: S = 25400 ÷ 80 − 254, म्हणजे 63.5. मग एका दिवसाचा पाऊस P धरून अपधाव, म्हणजे न मुरता वाहून जाणारं पाणी, काढा:

अपधाव = (P − 0.2S)² ÷ (P + 0.8S)

यातून निघतं ते असं: 15 मिमी पावसाला जवळपास शून्य, 30 मिमीला 3.7 मिमी, 50 मिमीला 13.8 मिमी, 80 मिमीला 34.6 मिमी. पाऊस 30 चा 80 झाला म्हणजे पावणेतीन पट, पण वाहणारं पाणी नऊ पट. जमीन आधीच भिजलेली असेल तर यापेक्षा जास्त येतं.

1 मिमी अपधाव 1 हेक्टरवरून म्हणजे 10 घनमीटर. चांगल्या वर्षी 80 चा एक, 50 चे दोन आणि 30 चे तीन पाऊस धरले तर अपधाव 73 मिमी, म्हणजे तुमच्या 2 हेक्टरवरून सुमारे 1,460 घनमीटर. वाईट वर्षी 50 चा एक आणि 30 चे दोनच आले तर 424 घनमीटर. तुमच्या जवळच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी घेऊन हाच हिशेब दहा वर्षांसाठी करा. वार्षिक सरासरी इथे काही कामाची नाही.

आता तळं. 20 × 20 × 3 म्हटलं की लोक 1,200 घनमीटर लिहितात. बाजूचा उतार 1.5 ला 1 ठेवावाच लागतो, त्यामुळे तळ 11 × 11 चा राहतो. वरचं, तळाचं आणि मधल्या उंचीवरच्या क्षेत्राची चौपट, या तिन्हींची बेरीज करून खोलीच्या सहाव्या हिश्शाने गुणा: (400 + 121 + 961) × 3 ÷ 6 = 741. त्यातही वरचे 50 सेंमी मोकळे ठेवायचे, कारण सांडव्याचा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेचा, उंबरा तिथे येतो. राहिले 2.5 मीटर पाणी, म्हणजे 555 घनमीटर. हा तुमचा खरा आकडा. चिकण काळी माती असेल तर 1.5 चा उतारही ढासळतो. तिथे 2 ला 1 धरा आणि क्षमता आणखी कमी होईल हे मान्य करा.

सांडव्याकडे दुर्लक्ष करू नका. शेततळी फुटतात ती बहुतेक सांडवा अरुंद म्हणून, किंवा सांडव्याचं पाणी बांधाच्या पायथ्याशीच पडतं म्हणून. 2 हेक्टर, अपधाव गुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा) 0.4, पावसाचा वेग तासाला 80 मिमी: 0.4 × 80 × 2 ÷ 360 = सेकंदाला 0.18 घनमीटर. उंबऱ्यावरून 20 सेंमी उंचीने पाणी गेलं तर 1 मीटर रुंदीतून सुमारे 0.15 घनमीटर निघतं. म्हणजे 1.2 मीटर हिशेबाने पुरतं. पण मातीचा गवत लावलेला सांडवा असेल तर 2 मीटर रुंद ठेवा. उंबरा मूळ जमिनीत कोरा, भरावात कधीच नको. तिथून पाणी सपाट, गवताळ पट्ट्यावरून निदान 10 मीटर लांब नेऊन सोडा, नाहीतर तुमची घळ बंद होईल आणि शेजारी नवी सुरू होईल.

आत येणाऱ्या पाण्याला एकच वाट द्या. वाटेवर, तळ्याच्या काठापासून 4-5 मीटर आधी, 2 × 2 × 1 मीटरचा सिल्ट ट्रॅप (गाळ अडवणारा खड्डा), आणि त्याच्याही वर 5-6 मीटर दाट गवताचा पट्टा. वाळू-भरड ट्रॅपमध्ये बसते. बारीक चिकण गाळ मात्र ट्रॅपमध्ये थांबत नाही, त्याला गवतच अडवतं. ट्रॅप निम्मा भरला की उपसा. भरलेला ट्रॅप असून नसल्यासारखा. ट्रॅपपासून तळापर्यंत उतारावर दगडी फरसबंदी किंवा पाइप. ती नसेल तर पहिल्याच मोठ्या पावसात आतला उतार कापला जातो, आणि तीच माती तळाशी बसते.

कागदाचं. मुरुमात तळं म्हणजे चाळणी आहे, तुमच्याकडे 45 सेंमीखाली मुरूमच लागणार. तरी खात्री करा: तळाच्या पातळीवर 1 मीटर लांब-रुंद खड्डा खोदून पाण्याने भरा, माती पूर्ण भिजू द्या, मग 24 तासांत पातळी किती उतरते ते मोजा आणि बाष्पीभवनाचे 5-6 मिमी वजा करा. दिवसाला 3-4 मिमीपेक्षा कमी झिरप असेल तर कागद नको. 10 मिमीच्या वर असेल तर कागद, किंवा मग पाणी साठवायचा विचारच सोडा.

500 मायक्रॉनचा कागद तुमच्या मापाला 24 × 24 मीटर लागेल (तळ 11, दोन्ही उतार 5.4 प्रमाणे, दोन्ही काठांवर 1-1 मीटर). खाली चाळलेल्या मातीचा 10 सेंमी थर, टोकदार दगड आणि मुळं वेचून. कागद ताणून बसवू नका. ऊन-थंडीने आकसतो आणि कोपऱ्यात फाटतो. काठावर 50 × 50 सेंमीच्या चरात गाडा. पावसाळ्यात खालून पाझर वर येत असेल तर रिकाम्या तळ्यातला कागद फुग्यासारखा उचलला जातो. अशा जागी आधी भोवती चर काढून तो पाझर बाहेर काढावा लागतो.

कुंपण पहिल्या दिवसापासून हवं. कागदाचा उतार ओला झाला की माणूस किंवा जनावर स्वतःहून वर येऊ शकत नाही. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर खुंट्यांना बांधून पाण्यात सोडून ठेवा.

उत्तर: मुरघास_आणि_माती

वरचा हिशेब बरोबर आहे. माझी हरकत मूळ बेतावर आहे: पावसाळ्यात साठवून उन्हाळ्यात हिरवं. कमी पाण्याच्या जागी हा बेत सगळ्यात महाग पडतो.

555 घनमीटर भरलेलं तळं पावसाळा संपल्यावर 120 दिवस तसंच ठेवलं असं धरा. बाष्पीभवन रोज 5 मिमी. कागद नसेल आणि झिरप 10 मिमी असेल तर रोज 15 मिमी, म्हणजे 1.8 मीटर पाणी गेलं. तळ निमुळता असल्याने उरलेल्या 70 सेंमीत फक्त 100 घनमीटर राहतात. कागद असला तरी 60 सेंमी उडतात, आणि ते सगळ्यात रुंद भागातले असतात: सुमारे 185 घनमीटर, एक तृतीयांश. पुढे उन्हाळ्यात वैरणीला रोज 7 मिमी लागतात, 60 दिवसांचे 420 मिमी, वरून पाऊस शून्य. 370 घनमीटरवर फक्त 880 चौरस मीटर मका निघेल, तोही पाणी एक थेंब वाया न जाता दिलं तर.

तेच पाणी उघडिपीत वापरलं तर? 0.4 हेक्टरला 50 मिमीची एक पाळी (एका वेळचं पाणी) म्हणजे 200 घनमीटर. पिकाची बाकीची गरज पाऊस भागवतो. तुम्ही फक्त मधली फट बुजवता. शिवाय तळं रिकामं झालं की पुढचा मोठा पाऊस त्यात मावतो. भरलेलं तळं तोच पाऊस सांडव्यावरून बाहेर घालवतं. चांगल्या वर्षी 1,460 घनमीटर येणार आणि तळं 555 चं. मध्ये दोनदा उपसलं नाही तर निम्म्याहून जास्त पाणी गेलंच.

म्हणून साठवायचं ते वैरणीत. मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून मुरवलेली हिरवी वैरण, बाष्पीभवनाने उडत नाही.

पीक: चाऱ्याची ज्वारी आणि चवळी, दोन ओळी ज्वारीला एक ओळ चवळी, ओळींत 30 सेंमी. निव्वळ ज्वारीला हेक्टरी 40 किलो बियाणं. मिश्र पेरणीत ज्वारी 27 आणि चवळी 12-13 किलो. हलक्या तुकड्यावर बाजरी, हेक्टरी 10-12 किलो. मका नको: तुऱ्याच्या वेळी उघडीप पडली की कणीस भरत नाही, आणि मक्याच्या मुरघासाची निम्मी ताकद कणसातच असते. ज्वारी उघडिपीत वाढ थांबवून बसते आणि पाणी मिळालं की पुन्हा उठते.

नत्र हेक्टरी 80 किलो, पण अर्धं पेरणीबरोबर आणि अर्धं पहिल्या पाळीच्या किंवा पावसाच्या ओलीवर. कोरड्यात दिलेलं युरियाचं नत्र हवेत जातं, आणि उरलेलं पिकाने उचललं तर नायट्रेट होऊन ताटात साठतं.

पाळी कधी? पहिली 30-35 दिवसांना, कांडी धरताना. दुसरी पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी. सकाळीच पानांची सुरळी दिसली आणि 15 सेंमी खालची माती मुठीत दाबून गोळा होत नसेल, तर पावसाची वाट बघत बसू नका, पाणी सोडा. दुपारची सुरळी फसवी असते. संध्याकाळी उलगडली तर अजून दोन-तीन दिवस आहेत.

कापणी दाणा चिकातून पिठात जाताना. तेव्हा ताटात 65 ते 70 टक्के पाणी असतं. कुट्टी मुठीत घट्ट दाबून सोडा: रस गळला तर ओलं आहे, अर्धा दिवस सुकवा, गोळा पटकन फुटून विखुरला तर उशीर झालाय, गोळा सावकाश उलगडला तर भरायला घ्या. कुट्टी 1 ते 2 सेंमी. हेक्टरी 25 टन निघाले तर 0.4 हेक्टरवर 10 टन. घनमीटरला 600 किलो दाबून बसतात, म्हणजे 6 × 2 × 1.5 मीटरचा खड्डा. 15-20 सेंमीचा थर टाकायचा, तुडवायचा, मग पुढचा. खड्डा दोन दिवसांत भरून बंद झाला पाहिजे. हवा राहिली की काळी बुरशी, आणि बुरशी आलेला भाग जनावराला देऊ नका, अगदी थोडासुद्धा. 15 टक्के घट धरून साडेआठ टन उरतात. चार गाईंना रोज 15 किलोप्रमाणे 140 दिवस. सोबत कोरडी वैरण लागेलच, पण उन्हाळा निघतो.

उत्तर: समपातळी

तळ्याआधी मातीचा विचार करा. 45 सेंमी मध्यम मातीत पिकाला मिळणारं पाणी 65 मिमीच्या आसपास मावतं. म्हणजे तुमच्या 1 हेक्टरमध्ये 650 घनमीटर, तळ्यापेक्षा मोठी टाकी, आणि तिला कागद लागत नाही. पेरणी समपातळीत, सऱ्यांना दर 3-4 मीटरवर आडवे बंध, बंधाची उंची वरंब्याच्या दोन तृतीयांश. बंध वरंब्याइतके उंच ठेवले तर मोठ्या पावसात वरंबा फुटतो आणि एकापाठोपाठ सगळे फुटत जातात. बंध ठेंगणे असले की पाणी सरीतूनच पुढे सरकतं.

पंपाचं पाणी जिथे पोचणार नाही अशा पट्ट्यात अर्धचंद्राकृती बांध घ्या. त्यांचं गणित:

(पिकाची गरज − भरवशाचा पाऊस) ÷ (भरवशाचा पाऊस × अपधाव गुणांक × कार्यक्षमता)

भरवशाचा म्हणजे तीनपैकी दोन वर्षं मिळणारा. वीस वर्षांचे हंगामी आकडे उतरत्या क्रमाने लावा, चौदावा घ्या. समजा तो 330 मिमी आला. गरज 400, गुणांक 0.15, कार्यक्षमता (आलेल्या पाण्यातला पिकाला मिळणारा हिस्सा) 0.6. उत्तर 2.4. म्हणजे पिकाच्या 1 भागाला वर 2.4 भाग जमीन मोकळी आणि कडक ठेवायची. वाळवंटात हे प्रमाण फार वेगळं असतं. इस्रायलच्या नेगेव्हमधल्या अवदातच्या प्राचीन शेतांना वर्षाला 100 मिमीच्या आसपासच पाऊस, म्हणून तिथे एका भागाला 20 ते 30 भाग पाणलोट ठेवलेला दिसतो. ती प्रमाणं वाचून 450 मिमीच्या पावसाला लावू नका, बांध वाहून जातील.

त्रिज्या 6 मीटर, बांध सुमारे 19 मीटर लांब, आतलं क्षेत्र 56 चौरस मीटर. 2 टक्के उतारावर असा एक चंद्र काठोकाठ भरला की 2.9 घनमीटर पाणी धरतो. आतल्या क्षेत्रावर ते 51 मिमी होतं, म्हणजे पूर्ण एक पाळी. वरच्या 140 चौरस मीटर मोकळ्या जागेवरून 50 मिमीच्या पावसात 1.9 घनमीटर येईल, म्हणजे पडलेल्या पावसावर आणखी 34 मिमी. अर्ध्या हेक्टरात असे 25 बसतात.

इथे चूक एकाच ठिकाणी होते. दोन्ही टोकं अगदी समपातळीत हवीत, कारण पाण्याची पातळी टोकाजवळची जमीन ठरवते. एक टोक 5 सेंमी खाली राहिलं तर खोल भागातली 12 सेंमीची पातळी 7 वर येते आणि सगळं पाणी त्याच टोकाने निघून ओघळ पाडतं. ए-फ्रेम (ओळंबा लावलेली A आकाराची चौकट) किंवा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी बघा, डोळ्याने नाही. बांध मध्यावर 30 सेंमी, टोकांशी 15. माती ओलसर असताना चोपा. टोकांना हाताएवढे दगड रचा, पाणी तिथूनच बाहेर पडणार आहे. पुढची रांग दोन चंद्रांच्या मधल्या फटीसमोर घ्या, म्हणजे वरून सुटलेलं पाणी खाली झेललं जातं.

हे चंद्र माळावर मात्र घेऊ नका, तळ्याची आवक तुटेल. शेतातल्याच, निदान 40 सेंमी माती असलेल्या पट्ट्यात घ्या.

प्रश्नकर्ता: कोरडवाहू_अडीच

मुरघासाचा मुद्दा पटला. दोन शंका. लसूणघास अजिबातच नको का, थोडा तुकडा तरी? आणि उघडिपीतल्या ज्वारीने जनावरांना विषबाधा होते म्हणतात. ती भीती किती खरी?

उत्तर: मुरघास_आणि_माती

लसूणघासाला तुमच्याकडे सरासरी रोज 5 मिमी धरा. 1,000 चौरस मीटरच्या तुकड्याला महिन्याला 150 घनमीटर, तेही वर्षभर. तळं त्यातच संपेल. शिवाय त्याची सोटमुळं खोल जातात, तुमच्याकडे 45 सेंमीवर मुरूम अडवणार. त्याऐवजी अर्धचंद्रांत आणि बांधांवर दशरथ घास आणि अंजन गवत लावा. अंजनचं बी हलकं, लवदार असतं. ओल्या मातीत कालवून, 1 सेंमीपेक्षा खोल न जाऊ देता टाका, हेक्टरी 5-6 किलो. पहिलं वर्ष चरायला सोडू नका. मुळं धरण्याआधी जनावर ठोंब उपटून काढतं. नंतर 10-15 सेंमी बुडखा ठेवून कापा.

ज्वारीची भीती खरी आहे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून पोटात हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. सगळ्यात धोका तीन वेळी: पीक गुडघ्याखाली असताना, उघडिपीत खुरटलेलं असताना, आणि खुरटलेल्या पिकाला पाऊस किंवा पाळी मिळून नवे फुटवे आल्यावर. तिसरी वेळ सगळ्यात फसवी, कारण पीक हिरवंगार दिसतं. म्हणून पाळी दिल्यावर दोन आठवडे त्या पिकाला तोंड लावू देऊ नका. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यानंतर हा धोका बराच उतरतो. वाळवण्याने आणि मुरवण्यानेही तो कमी होतो, पण खड्डा 45 दिवसांआधी उघडू नका.

नायट्रेट वेगळं. ते ताटाच्या बुडाशी साठतं आणि वाळवून जात नाही. मुरघासात काही प्रमाणात घटतं. दुष्काळी पीक कापताना 15-20 सेंमी बुडखा शेतातच सोडा. लक्षणं दोन्हींची धाप, लडखडणं, मग कोसळणं. पण उपचार वेगळे. त्यामुळे घरी काही पाजत न बसता डॉक्टर बोलवा आणि काय खाल्लं ते पहिल्या वाक्यात सांगा.

उत्तर: ओघळ

पंपाचं राहिलं. 200 घनमीटर तुषारने द्यायचे तर 30 मीटर दाबाला 3 अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण 13 घनमीटर देतो, म्हणजे आठ तुषार एका वेळी आणि एकूण 15 तास. रात्री आणि पहाटे चालवा. दुपारच्या वाऱ्यात तुषारचं पाणी शेतापर्यंत पोचत नाही. एरवीही 50 मिमीतले 37-38 मिमीच मुळांना मिळतात असं धरा. सरीने द्यायचं असेल तर एक आड एक सरी भिजवा, 45 सेंमी मातीत तेवढी ओल आडवी पसरते.

फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या ओढनळीच्या तोंडाची झडप) तळाशी टाकू नका. रिकाम्या सीलबंद डब्याला बांधून पाण्याच्या पृष्ठभागाखाली 30 सेंमीवर तरंगता ठेवा, नाहीतर गाळ खेचून नोझल बुजतात. शेवटचे 40 सेंमी पाणी उपसू नका. कागद ओला आणि दाबाखाली राहिला तर वाऱ्याने फडफडत नाही.